चार जागा, चार पावले : डहाणू-तलासरीतील पायाच्या दुखापती आणि क्ष-किरण तपासणी

पायाचा घोटा मुरगळला किंवा तळपायाला मार बसला की हाड मोडले आहे, की केवळ सांध्याचे बंध ताणले गेले आहेत, याचा निर्णय करण्यासाठी क्ष-किरण प्रतिमा काढण्याची रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की रुग्णाने स्वतःहून 'फोटो काढायचा का?' असे विचारावे आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी, यात कोणालाच काही विशेष वाटत नाही. शहरात असा फोटो दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर निघतो. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गुजरात आणि दादरा-नगर हवेलीला लागून असलेल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर मात्र त्याच फोटोसाठी रुग्णाचा एक दिवस, त्याला धरून आणणाऱ्या नातेवाइकाचा दुसरा दिवस आणि वाहनाचे भाडे मोजावे लागते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. त्या दराने दोघांची बुडालेली मजुरीच ६२४ रुपये होते, आणि हा हिशेब तपासणीसाठी एक पैसाही पडत नाही असे धरून केलेला आहे. म्हणून कोणत्या पायाला फोटोची गरज आहे आणि कोणत्या नाही, हा प्रश्न या भागात वैद्यकशास्त्राइतकाच लोकांच्या पोटापाण्याशी निगडित आहे.

दोन तालुके आणि त्यांची आरोग्यव्यवस्था

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्याआधी सुमारे सव्वा वर्ष, म्हणजे एप्रिल २०१३ मध्ये, मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोड स्थानकापर्यंत पोहोचली होती. चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरवर असलेले हे स्थानक, त्याच्या पश्चिमेला समुद्राकडे पसरलेले जुने डहाणू गाव आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याही पलीकडे वारली, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा या समाजांची वस्ती असलेला डोंगराळ पट्टा, अशी डहाणू तालुक्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तर तलासरीची सुमारे दीड लाख होती आणि दोन्ही ठिकाणी आदिवासींचे बहुमत आहे.

आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी सरकारी निकष असा आहे की ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० मागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे. महाराष्ट्रात या तिसऱ्या पायरीवरचे काम मुख्यतः ग्रामीण रुग्णालये करतात. क्ष-किरण यंत्र या तिसऱ्या पायरीवर अपेक्षित असते, खालच्या दोन पायऱ्यांवर नव्हे. या मापाने २०११ च्या लोकसंख्येला डहाणूत पाच आणि तलासरीत जवळपास दोन ठिकाणी फोटोची सोय लागते. प्रत्यक्षात सरकारी व्यवस्थेचा भार डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, ज्याला लोक आजही 'कॉटेज' म्हणतात, महामार्गाजवळचे कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, आणि वाणगाव व तलासरी येथील ग्रामीण रुग्णालये यांच्यावर आहे. धुंदलवाडीजवळ सासवंद येथे एक खाजगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर तलासरीकडच्या अनेक गावांतील लोक राज्याची हद्द ओलांडून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात किंवा वापीला जाणे पसंत करतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार मोफत झाले, त्यामुळे फोटोचे शुल्क हा अडसर दूर झाला. मात्र अंतर आणि बुडणारा दिवस हे अडसर कायम राहिले.

पाय कसा दुखावतो

घोट्याचा सांधा तीन हाडांचा बनलेला असतो. नडगीचे जाड हाड म्हणजे टिबिया, तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड म्हणजे फिब्युला, आणि या दोघांच्या खालच्या टोकांनी तयार झालेल्या खाचेत बसलेले टॅलस हे तिसरे हाड. आतल्या बाजूचा उंचवटा टिबियाचा आणि बाहेरचा फिब्युलाचा असतो. या दोघांनाच घोटा म्हणतात. त्याखाली टाचेचे हाड, मध्यभागी लहान हाडांची कमान आणि पुढे बोटांना जोडलेली पाच लांब हाडे, ज्यांना मेटाटार्सल म्हणतात, अशी एका पावलात एकूण २६ हाडे असतात. पाऊल आत वळून शरीराचा भार बाहेरच्या कडेवर येतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्याखालचे बंध ताणले जातात किंवा फाटतात. घोट्याच्या दुखापतीसाठी फोटो काढलेल्या रुग्णांपैकी १५ टक्क्यांहूनही कमी जणांत महत्त्वाचा अस्थिभंग सापडतो, असे पाश्चात्त्य रुग्णालयांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

डहाणू-तलासरीत या दुखापतींना स्थानिक कामधंद्यांचा आकार असतो. भातलावणीच्या दिवसांत निसरड्या बांधावरून घसरणे, डोंगरवाटेने डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरताना पाऊल दगडात अडकणे, झाई किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर होडीतून उतरताना पाय वळणे, वीटभट्टीवर ओझे पायावर पडणे आणि महामार्गावरचे दुचाकींचे अपघात हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; तो चिकू उतरवताना आणि ताडाच्या झाडावरून ताडी किंवा ताडगोळे काढताना होणारे अपघात मात्र वेगळ्या वर्गात मोडतात. उंचावरून पडणारा माणूस टाचांवर आदळतो, टाचेचे पोकळसर हाड चिरडले जाते आणि तोच आघात वर पाठीच्या कण्यापर्यंत जातो. टाच मोडलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण एकाच्या कण्यालाही इजा झालेली असते, म्हणून अशा रुग्णाला 'कंबर दुखते का?' असे विचारणे आणि दुसरी टाचही तपासणे हे टाचेच्या फोटोइतकेच आवश्यक मानले जाते.

ओटावाचा नियम

प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा फोटो काढणे खर्चिक आणि बहुतांशी निष्फळ ठरते, हे ओळखून कॅनडातील ओटावा येथील तातडीच्या वैद्यकसेवेचे तज्ज्ञ इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० प्रौढ रुग्णांचा अभ्यास करून १९९२ साली एक निर्णयपद्धती प्रसिद्ध केली, जी पुढील दोन वर्षांत आणखी रुग्णांवर पारखली गेली आणि आता 'ओटावा घोटा नियम' या नावाने जगभर शिकवली जाते. या नियमाला बोटे आणि डोळे यांपलीकडे कोणतेही साधन लागत नाही.

नियमाचे दोन भाग आहेत. घोट्याच्या भागात दुखत असेल तर बाहेरच्या घोट्याची मागची कड खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार बोटांच्या रुंदीइतकी, बोटाने दाबत जावे, आणि तसेच आतल्या घोट्याचे करावे; यांपैकी कुठेही थेट हाडावर दाबले असता दुखले तर घोट्याचा फोटो काढावा. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर दोन जागा दाबाव्यात: करंगळीकडच्या पाचव्या मेटाटार्सलचे मागचे टोक, जे पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी उंचवट्यासारखे हाताला लागते, आणि आतल्या कडेवर घोट्याच्या किंचित पुढे असलेले नेव्हिक्युलर हे नावेच्या आकाराचे हाड, यांपैकी एक दुखले तर पावलाचा फोटो काढावा. या चार जागांखेरीज पाचवी कसोटी चालण्याची. दुखापतीनंतर लगेच आणि पुन्हा तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही प्रसंगी रुग्णाला चार पावले टाकता आली नाहीत तर फोटो आवश्यक ठरतो. लंगडत का होईना, प्रत्येक पायावर दोनदा भार दिला गेला तर ती चार पावले धरली जातात.

चारही जागा दुखत नसतील आणि रुग्ण चार पावले चालत असेल तर फोटो न काढता उपचार करता येतो. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की नियमाने 'फोटो नको' असे सांगितलेल्या रुग्णांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणांत अस्थिभंग होता, आणि नियम पाळल्यास फोटोंची संख्या ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकते. याउलट नियमाने 'फोटो हवा' असे सांगितले म्हणजे हाड मोडलेच आहे असे नव्हे. अशा रुग्णांपैकी पुष्कळांचे हाड शाबूत निघते. हा नियम अस्थिभंग सिद्ध करण्यासाठी नसून तो नसल्याची खात्री करून घेण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवले तरच त्याचा योग्य वापर होतो.

ओटावात हा नियम अनावश्यक फोटो कमी करण्यासाठी जन्माला आला. डहाणूत त्याचे मोल दुहेरी ठरते, कारण इथे अनावश्यक फोटोइतकीच, किंबहुना त्याहून मोठी, अडचण आवश्यक फोटो न निघण्याची आहे. नियमाने ज्याला जाण्याची गरज नाही त्याची मजुरी वाचते, आणि ज्याला गेलेच पाहिजे त्याला तसे ठामपणे सांगण्यासाठी उपकेंद्रातील परिचारिकेच्या किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती शास्त्रीय आधार येतो.

नियम जिथे थांबतो

कोणताही नियम ज्या लोकांवर पारखला गेला त्यांच्या मर्यादा सोबत घेऊन येतो. दुखापतीला दहा दिवसांहून अधिक काळ लोटला असेल तर ओटावा नियम लागू पडत नाही, आणि पाड्यांवरचा रुग्ण पुष्कळदा आधी तेल लावून चोळून घेतो, हळदीचा लेप देतो, हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतो आणि सूज उतरत नाही असे पाहून मग रुग्णालयात येतो. अशा उशिरा आलेल्या पायाचा फोटो नियमाचा विचार न करता काढणेच योग्य. हाडवैद्याच्या बांधणीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: ताज्या दुखापतीत सूज पहिल्या दोन दिवसांत वाढत जाते, म्हणून घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडण्याचा, प्रसंगी तो कापावा लागण्याचा धोका असतो. बोटे थंड, निळसर किंवा बधिर होऊ लागली तर बांधणी तत्काळ सोडणे हा पहिला उपचार आहे.

दुसरी मर्यादा संवेदनेची. दारूच्या अमलाखाली असलेल्या, डोक्याला मार लागलेल्या किंवा पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाचे 'दुखत नाही' हे उत्तर ग्राह्य धरता येत नाही. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात आणि मधुमेहही खेड्यांत पोहोचला आहे. या दोन्ही आजारांत पायाच्या नसा निकामी होऊन मोडलेल्या हाडावरही माणूस विनातक्रार चालू शकतो. याच्याच जोडीने कष्टकऱ्यांच्या सहनशक्तीचा विचार करावा लागतो. घरी परतायला दुसरा मार्ग नसलेला माणूस मोडलेल्या पायाने चार पावलेच काय, चार मैलही चालून येतो. म्हणून चालता आले एवढ्यावर समाधान न मानता हाडाच्या चारही जागा दाबून पाहणे इथे अधिकच आवश्यक आहे.

तिसरी मर्यादा वयाची. मूळ अभ्यास प्रौढांवर झाला होता. नंतरच्या अभ्यासांतून पाच वर्षांवरील मुलांतही नियम बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरला, त्यामुळे आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत खेळताना पाय मुरगळलेल्या मुलांसाठी तो वापरता येतो. मात्र वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, जिथून हाड लांब होते. तिला झालेली इजा फोटोत कधी कधी दिसतच नाही. शिवाय या भागात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण असल्याने, पडल्याची काही नोंद नसताना लहान मुलाचे हात-पाय सुजले आणि दुखू लागले तर फोटोच्या आधी रक्ततपासणीचा विचार केला पाहिजे.

उंचावरून पडल्याने झालेली टाचेची दुखापत, पोटरीच्या जाड कंडरेचे तुटणे, आणि घोटा पिरगळताना गुडघ्याखाली फिब्युलाच्या वरच्या भागात होणारा अस्थिभंग या गोष्टी नियमाच्या चार जागांत येत नाहीत; त्यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. पाऊल उघड वाकडे झाले असेल, जखमेतून हाड दिसत असेल किंवा त्वचा ताणून पांढरी पडली असेल तर फोटोसाठी थांबण्यात अर्थ नसतो. पायाला आधार देऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच तिथे कर्तव्य ठरते, आणि जाणकार डॉक्टर हाताशी असेल तर निखळलेला सांधा तो फोटोआधीच जागेवर आणतो.

फोटोच्या खोलीत

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि सुमारे दोन वर्षांतच तत्कालीन ब्रिटिश भारताच्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांसाठी क्ष-किरण यंत्र वापरले. पावलाच्या बाबतीत या किरणांची उपयुक्तता दाखवणारा एक रुग्ण स्वतः डॉक्टरच होता. लिव्हरपूलचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांना नाचताना पायाला दुखापत झाली, फोटोत पाचवे मेटाटार्सल मोडलेले दिसले आणि १९०२ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठा मार न लागता, केवळ पाऊल वळल्यानेही हाड मोडू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

घोट्याचा उपयुक्त फोटो एका दिशेने निघत नाही. समोरून, बाजूने आणि पाय १५ ते २० अंश आत वळवून तिरका, अशा तीन प्रतिमा घेतल्या जातात. तिसऱ्या प्रतिमेत टॅलस ज्या खाचेत बसते ती सर्व बाजूंनी मोकळी दिसते आणि आतल्या बाजूची फट ४ मिलिमीटरहून रुंद झाली असेल तर हाड शाबूत असूनही बंध तुटल्याची शंका येते. पावलासाठी वरून, तिरकी आणि बाजूची प्रतिमा लागते. टाचेच्या बाजूच्या प्रतिमेत दोन रेषा काढून मोजला जाणारा एक कोन, जो व्हिएन्नाचे लोरेंझ बोलर यांच्या नावाने ओळखला जातो, साधारण २० ते ४० अंश असतो. तो त्याहून कमी झाला की टाचेचे हाड दबले असे समजतात. मधल्या पावलाचे बंध तुटल्याची शंका असेल तर शक्य तेथे रुग्णाला उभे करून, भार देऊन फोटो काढला जातो, कारण झोपवून काढलेल्या फोटोत ती फट मिटलेली असते. रुग्णाने पैंजण, वाळे, जोडवी काढून ठेवणे आणि पायावरचा लेप धुऊन येणे एवढी तयारी पुरेशी असते. पहिला फोटो निर्दोष आला तरी दुखणे कायम असेल तर दहा-चौदा दिवसांनी दुसरा काढावा लागतो, कारण सततच्या चालण्याने किंवा ओझ्याने पडणारी बारीक चीर हाड भरू लागल्यावरच उमटते.

डिजिटल यंत्रांमुळे ही प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाला क्षणात पाठवता येते, मात्र फिल्म उजेडासमोर धरून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात बारीक चीर हरवते, म्हणून मूळ डिजिटल प्रतच पाठवली जावी. यंत्र कितीही उत्तम असले तरी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि अखंड वीज यांच्याविना ते बंद खोलीतले सामान ठरते.

किरणांची भीती

ज्या जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे तिथे किरणोत्सर्गाची भीती लोकांच्या बोलण्यात असणे स्वाभाविक आहे, आणि गर्भवती स्त्रिया पायाचा फोटो काढायला त्यामुळे कचरतात. हातापायाच्या एका प्रतिमेत शरीराला मिळणारी किरणमात्रा ०.००१ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते, तर माती, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. याचा अर्थ असा एक फोटो म्हणजे तीन-चार तासांच्या नैसर्गिक मात्रेइतका. पायावर रोखलेल्या किरणांतून गर्भापर्यंत नगण्य अंश पोहोचतो. गर्भवती स्त्रीने तंत्रज्ञाला तसे सांगणे आवश्यकच आहे, मात्र मोडलेला पाय त्या भीतीपोटी तपासणीविना ठेवणे अधिक धोक्याचे आहे. वारंवार किरणांना सामोरे जाण्याचा धोका रुग्णाला नसून यंत्राशेजारी रोज काम करणाऱ्याला असतो. म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, विटांची २३ सेंटिमीटर जाडीची भिंत, शिशाचा पडदा आणि तंत्रज्ञाच्या छातीवरचा मात्रा मोजणारा बिल्ला या अटी सरकारी आणि खाजगी केंद्रांना सारख्याच लागू आहेत.

काय करता येईल

क्षयरोग शोधण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या देशव्यापी मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे गावोगाव नेण्यात आली. ती छातीसाठी होती; परंतु घोट्याच्या प्रतिमेला छातीपेक्षा अधिक शक्तीचे यंत्र लागत नाही, तेव्हा परवाना आणि प्रशिक्षण यांची व्यवस्था करून पावसाळ्याच्या महिन्यांत अशी यंत्रे दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रांत आळीपाळीने नेता येतील का, याचा विचार जिल्हा प्रशासनाने करावा. त्यासाठी निधी आणि मंजुरी लागेल. चार जागांचे चित्र आणि चार पावलांचा नियम मराठीत छापून प्रत्येक उपकेंद्राच्या, आश्रमशाळेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या हाती देण्यास मात्र जवळपास काहीच लागत नाही. ज्या रुग्णालयात फोटो निघतो तिथली वेळ आणि तंत्रज्ञाच्या सुटीचे दिवस गावात आधी कळले तर रिकाम्या हाताने परतणारी फेरी टळेल. हाडवैद्यांनाही या शिक्षणात सामील करून घेतले पाहिजे, कारण पहिला पाय त्यांच्याच दारी येतो आणि त्यांनी 'आधी फोटो काढून ये' असे म्हटले तर ते ऐकले जाते.

वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे: मुरगळलेल्या पायाला पहिले दोन दिवस चोळू नये, तो उंच ठेवावा, थंड पाण्याच्या घड्या घालाव्यात आणि सैल पट्टी बांधावी, चार जागांपैकी कोणत्याही एका जागी हाडावर दुखत असेल, चार पावले टाकता येत नसतील, माणूस झाडावरून पडला असेल किंवा पाय बधिर असेल तर मजुरीचा विचार न करता त्याच दिवशी कॉटेज, कासा, वाणगाव किंवा तलासरी गाठावे.